काढलेला प्रोग्रॅम परत कोण आणतं, ते आधी शोधा

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे आपण एकाच गोष्टीबद्दल बोलतोय हे पक्कं होईल. व्हिडिओचा फॉरमॅट बदलणारं एक मोफत सॉफ्टवेअर तुम्ही डाउनलोड केलं आणि त्याच्यासोबत संगणकाचा 'वेग वाढवणारा' एक प्रोग्रॅम न मागता आला. तो अनइन्स्टॉल केला, पण रीस्टार्ट केल्यावर परत हजर. त्याचं फोल्डरच डिलीट करायला गेलात, तर 'फाइल दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडी आहे' म्हणून विंडोजने अडवलं. क्रोममध्ये सर्च भलत्याच साइटवर जातो आणि ते सेटिंग बदलता येत नाही. त्यात भर म्हणजे स्क्रीनच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात 'पाच व्हायरस सापडले' अशा सूचना दिवसभर येतात. आणि तुम्ही विचारलंय, फॉरमॅट मारू का, म्हणजे सगळं पुसून विंडोज नव्याने टाकू का?

अजून नको. त्या निर्णयाची वेळ येऊ शकते, ती कधी येते तेही पुढे सांगतो. पण तुम्ही ज्याला एक त्रास समजताय, ते मला तीन वेगळे त्रास दिसतात. कोपऱ्यातल्या सूचना, क्रोमचं बदललेलं सर्च आणि परत येणारा प्रोग्रॅम या तिघांची मुळं वेगवेगळ्या ठिकाणी असतात. लोक तिघांवर मिळून एकच 'क्लीनर' चालवतात, त्यातला एक त्रास जातो, दोन राहतात, आणि मग वाटतं की हे फार चिवट प्रकरण आहे.

काही गोष्टी मी गृहीत धरतोय. संगणक विंडोज १० किंवा ११ चा आहे, तुमचा स्वतःचा आहे आणि तुमच्या खात्याला अ‍ॅडमिनचे अधिकार आहेत. लॅपटॉप कंपनीने दिलेला असेल तर पुढचं काहीही करू नका, तो आयटी विभागाकडे द्या. तिथे जे लादलेलं दिसतं, ते मुद्दाम लावलेलं असू शकतं. दुसरं, या काळात फोनवरच्या एखाद्या अनोळखी माणसाला तुम्ही स्क्रीनचा ताबा दिला होता का? दिला असेल तर प्रश्न न मागता आलेल्या सॉफ्टवेअरपुरता राहत नाही. तसं असेल तर थेट शेवटाकडच्या 'फॉरमॅट कधी?' या भागात जा.

सुरुवात कोपऱ्यातल्या सूचनांपासून करा, कारण त्या पाच मिनिटांत जातात आणि डोकं शांत होतं. सूचनेत बारीक अक्षरांत काय लिहिलंय ते वाचा. तिथे ब्राउझरचं नाव आणि एखाद्या साइटचा पत्ता दिसला, तर तो व्हायरसही नाही आणि प्रोग्रॅमही नाही. कधीतरी एखाद्या पानावर 'तुम्ही रोबोट नाही हे सिद्ध करण्यासाठी अलाउ दाबा' असं आलं असेल आणि ते दाबलं गेलं असेल. म्हणजे त्या साइटला सूचना पाठवायची रीतसर परवानगी मिळाली. त्यामुळे अँटिव्हायरसने दहा वेळा तपासलं तरी काही सापडत नाही, कारण सापडण्यासारखी फाइलच नसते. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, तिथून साइट सेटिंग्ज, तिथून नोटिफिकेशन्स उघडा. परवानगी असलेल्या यादीतल्या अनोळखी साइट काढून टाका. तो पाच व्हायरसचा आकडा निव्वळ खोटा आहे. संगणकाच्या आत काय आहे ते वेबसाइटला तपासताच येत नाही. त्या सूचनेवर क्लिक करून काही विकत घेतलं नसेल, तर हा विषय इथे संपला.

आता परत येणारा प्रोग्रॅम. इथे जरा थांबून विचार करायला हवा, कारण बहुतेक सगळ्यांची चूक इथेच होते.

तुम्हाला दिसतो तो प्रोग्रॅम आणि त्याला परत आणणारी व्यवस्था या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. संगणक सुरू झाल्यावर आपोआप चालू होण्याचे अनेक अधिकृत मार्ग विंडोजमध्ये आहेत. स्टार्टअपचं फोल्डर आहे, रजिस्ट्रीतल्या (विंडोज आपली सेटिंग्ज जिथे साठवतं तिथल्या) 'रन' नावाच्या नोंदी आहेत, पडद्यामागे चालणाऱ्या सर्व्हिसेस आहेत आणि ठरलेल्या वेळी किंवा प्रसंगी कामं चालवणारा टास्क शेड्यूलर आहे. चांगले प्रोग्रॅमही हे मार्ग वापरतात, पण सहसा एखादाच. आगाऊ प्रोग्रॅम एकाच वेळी दोन-तीन ठिकाणी नाव नोंदवून ठेवतो. तुम्ही अनइन्स्टॉल दाबता तेव्हा तो मुख्य फोल्डर प्रामाणिकपणे काढतोही. पण शेड्यूलरमध्ये 'कोणीही लॉग इन केलं की अमुक फाइल चालव' अशी एक नोंद मागे राहते. ती फाइल दुसऱ्याच फोल्डरमध्ये, बहुधा सरळ दिसणाऱ्या एखाद्या 'अपडेटर'च्या नावाने पडलेली असते, आणि ती सगळं पुन्हा डाउनलोड करते. टास्क मॅनेजरच्या स्टार्टअप टॅबमध्ये बघून 'इथे तर काहीच नाही' असं वाटतं, कारण त्या टॅबमध्ये शेड्यूलरच्या नोंदी दिसत नाहीत.

म्हणून मी घरगुती संगणकावर पहिल्यांदा जे उघडतो ते ऑटोरन्स. आपोआप सुरू होणाऱ्या सगळ्या गोष्टी एका यादीत दाखवणारं हे सिसइंटर्नल्स या संचातलं मोफत साधन आहे. मार्क रसिनोविच आणि ब्राइस कॉगस्वेल यांनी हा संच उभा केला आणि २००६ मध्ये मायक्रोसॉफ्टने त्यांची कंपनी विकत घेतली. तेव्हापासून तो मायक्रोसॉफ्टच्याच साइटवर मिळतो. तिथूनच घ्या, सर्चमध्ये वर आलेल्या जाहिरातीतून नको. ऑटोरन्स अ‍ॅडमिन म्हणून चालवा. सगळ्यात आधी फाइल मेनूतून आत्ताची स्थिती सेव्ह करून ठेवा, ती नंतर लागणार आहे. मग ऑप्शन्समध्ये मायक्रोसॉफ्टच्या नोंदी लपवा आणि स्कॅन ऑप्शन्समध्ये प्रकाशकाच्या डिजिटल सह्या तपासण्याचा पर्याय चालू करा. शेकडो ओळींची यादी एकदम आटोक्यात येते.

उरलेल्या ओळी वाचताना घाबरून जाऊ नका. पिवळी ओळ म्हणजे नोंद आहे पण फाइल जागेवर नाही, ती बहुतेकदा जुना कचरा असते. गुलाबी ओळ म्हणजे प्रकाशकाची माहिती किंवा डिजिटल सही नाही. गुलाबी दिसली म्हणजे दोषी, असं मात्र नाही. छोट्या डेव्हलपरची चांगली साधनंही विनासहीची असतात, आणि उलट कितीतरी नकोशा प्रोग्रॅमवर व्यवस्थित सही असते. मी तीन गोष्टी एकत्र बघतो: फाइल कुठे आहे, नाव काय आहे आणि ती कधी आली. अ‍ॅपडेटा, प्रोग्रॅमडेटा किंवा टेम्पमध्ये पडलेली, अर्थहीन अक्षरांच्या नावाची, आणि तुम्ही तो कन्व्हर्टर टाकला त्याच दिवशीची फाइल असेल, तर शंकेला जागा राहत नाही. नुसतं अ‍ॅपडेटामध्ये असणं हा पुरावा नव्हे, चॅटिंगचे कितीतरी नेहमीचे प्रोग्रॅम तिथेच राहतात.

तारीख हा यातला सगळ्यात उपयोगी धागा. सेटिंग्जमध्ये अ‍ॅप्सची यादी इन्स्टॉल केल्याच्या तारखेप्रमाणे लावा. ज्या दिवशी कन्व्हर्टर आला त्या दिवशी आणखी काय काय आलं ते लगेच दिसेल. न मागता आलेला पाहुणा सहसा एकटा येत नाही. तुम्ही एकाचं नाव लिहिलंय, पण त्या तारखेला निदान आणखी एखादं नाव सापडेल असा माझा अंदाज आहे.

संशयित ओळींच्या पुढची टिकमार्क काढा. डिलीट करू नका. टिक काढली की ती नोंद बंद पडते, आणि अंदाज चुकला तर टिक परत लावता येते. डिलीट केलेली नोंद परत आणणं कटकटीचं असतं. लॉगऑन, सर्व्हिसेस आणि शेड्यूल्ड टास्क्स हे टॅब नीट बघा, आणि डब्ल्यूएमआय (विंडोजची आतली व्यवस्थापन यंत्रणा, तिच्यातूनही प्रोग्रॅम आपोआप चालवता येतो) या टॅबवरही एक नजर टाका. घरगुती संगणकावर तो बहुतेकदा रिकामाच असतो, त्यामुळे तिथे काही दिसलं तर ते काय आहे याचा शोध घ्या.

टिक काढताच ती परत येत असेल, तर दोन प्रोसेस, म्हणजे चालू असलेले दोन प्रोग्रॅम, एकमेकांची राखण करताहेत असं समजा. एक बंद केली की दुसरी तिला उठवते, म्हणून टास्क मॅनेजरमध्ये 'एंड टास्क' दाबून काही साधत नाही. यावर दोन उपाय आहेत. सिसइंटर्नल्सच्याच प्रोसेस एक्सप्लोररमध्ये आधी दोन्ही प्रोसेस सस्पेंड करा आणि मग एकेक बंद करा. गोठलेली प्रोसेस जिवंतच दिसते, त्यामुळे जोडीदाराला काही कळत नाही. दुसरा उपाय सेफ मोडचा, म्हणजे विंडोज फक्त अत्यावश्यक गोष्टींसह सुरू करण्याचा, जिथे यातलं सहसा काहीच सुरू होत नाही. शिफ्ट दाबून धरून रीस्टार्ट करा, ट्रबलशूट, अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज असं जा, परत रीस्टार्ट करा आणि ४ दाबा. त्याआधी दोन तयाऱ्या हव्यात. डिस्कवर बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन (डिस्कवरच्या फायली कुलूपबंद ठेवणारी सोय) चालू असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की विचारली जाऊ शकते, ती मायक्रोसॉफ्ट खात्यात आहे का ते आधीच पाहून कागदावर लिहून घ्या. आणि सेफ मोडमध्ये कधीकधी पिन चालत नाही, म्हणून खात्याचा पासवर्ड माहीत असू द्या. या दोन गोष्टी नसतील तर सेफ मोडमध्ये जाऊ नका. किल्ली नाही म्हणून स्वतःच्याच फायलींना मुकलेली माणसं मी पाहिली आहेत, आणि त्यापुढे एका आगाऊ प्रोग्रॅमचा त्रास काहीच नाही.

सेफ मोडमध्ये फक्त टिक काढा. अनइन्स्टॉल तिथे करू नका. बरेच प्रोग्रॅम काढायला विंडोज इन्स्टॉलर ही सर्व्हिस लागते आणि सेफ मोडमध्ये ती चालत नाही, त्यामुळे एरर येते आणि माणूस उगाच हताश होतो. टिक काढून नेहमीसारखं सुरू व्हा. आता प्रोग्रॅम झोपलेला आहे. या वेळी सेटिंग्जमधून रीतसर अनइन्स्टॉल करा, त्या तारखेची बाकी नावंही काढा, आणि मगच उरलेल्या फोल्डरला हात लावा. 'फाइल उघडी आहे' हा अडथळा आता बहुधा येणारच नाही.

हा क्रम का, ते सांगायला हवं, कारण फोल्डर आधी उडवायचा मोह सगळ्यांनाच होतो. फोल्डरबरोबर त्याचा अनइन्स्टॉलरही जातो. मग यादीत नाव राहतं आणि ते काढायला काही उरत नाही. (असं झालंच असेल तर मायक्रोसॉफ्टचं प्रोग्रॅम इन्स्टॉल अँड अनइन्स्टॉल ट्रबलशूटर ती अडकलेली नोंद काढायला मदत करतं.) पण खरा धोका ड्रायव्हरचा, म्हणजे हार्डवेअर आणि विंडोज यांना जोडणाऱ्या सॉफ्टवेअरचा असतो. २००५ मध्ये सोनी बीएमजीच्या काही संगीत सीडींसोबत कॉपी रोखणारं सॉफ्टवेअर लपूनछपून संगणकात शिरत होतं. ते उघडकीला आणलं याच रसिनोविच यांनी. त्यांनी त्याच्या ड्रायव्हर फायली हाताने काढल्या, तर त्यांच्या संगणकातून सीडी ड्राइव्हच दिसेनासा झाला, कारण सीडी वाचण्याच्या साखळीत तो ड्रायव्हर गुंफलेला होता आणि रजिस्ट्रीत त्याची नोंद शिल्लक होती. त्यांना ती नोंद शोधून काढता आली. आपल्यापैकी बहुतेकांना आली नसती. अँटिव्हायरसची ट्रायल काढतानाही हेच लक्षात ठेवा. ते विंडोजच्या गाभ्यापर्यंत ड्रायव्हर बसवतात आणि स्वतःचं रक्षण करतात. ते नीट निघत नसेल तर त्याच कंपनीचं खास काढण्याचं साधन वापरा. मॅकॅफी आणि नॉर्टन दोघांचीही अशी साधनं आहेत.

एवढं झाल्यावर स्कॅन. हे मी मुद्दाम मागे ठेवलं. आधी परत आणणारी व्यवस्था बंद पडली असेल तर स्कॅनरने काढलेलं काढलेलंच राहतं. विंडोज सिक्युरिटीमध्ये अ‍ॅप अँड ब्राउझर कंट्रोलमध्ये जाऊन रेप्युटेशन-बेस्ड प्रोटेक्शनच्या सेटिंगमध्ये 'पोटेन्शियली अनवाँटेड अ‍ॅप'चं ब्लॉकिंग चालू आहे का पाहा. असले प्रोग्रॅम कायद्याच्या आणि अँटिव्हायरसच्या नजरेत अर्धवट जागी बसतात, कारण इन्स्टॉल होताना कुठेतरी तुमच्याकडून 'आय अ‍ॅग्री' दाबून घेतलेलं असतं. त्यांच्यासाठी हे वेगळं सेटिंग आहे. मग एक्स्क्लूजन्सची, म्हणजे स्कॅनमधून वगळलेल्या गोष्टींची यादी उघडा. काही प्रोग्रॅम आत शिरताच स्वतःचं फोल्डर 'हे तपासू नका' म्हणून तिथे घालून ठेवतात. तुम्ही न घातलेली नोंद असेल तर काढा. नंतर डिफेंडरचा, म्हणजे विंडोजच्या स्वतःच्या अँटिव्हायरसचा, ऑफलाइन स्कॅन चालवा. संगणक रीस्टार्ट होऊन साधारण १५ मिनिटं तपासणी होते, आणि विंडोज पूर्ण सुरू होण्याआधीच होत असल्याने आत लपलेल्याला पळवाट नसते. जोडीला मालवेअरबाइट्सचं अ‍ॅडडब्ल्यूक्लीनर वापरलंत तरी चालेल, असल्या न मागितलेल्या गोष्टींसाठीच ते बनवलंय. तिसरं साधन नको. विशेषतः 'अमुक प्रोग्रॅम कसा काढावा' या सर्चमध्ये सापडणाऱ्या पानांवरची डाउनलोड बटणं दाबू नका. त्यातली बरीच पानं दुसरा तसलाच प्रोग्रॅम गळ्यात मारण्यासाठी लिहिलेली असतात. रजिस्ट्री क्लीनरही नको. मायक्रोसॉफ्ट अशा साधनांना पाठिंबा देत नाही, आणि रजिस्ट्रीत उरलेल्या मृत नोंदींनी संगणक हळू होत नाही.

आता क्रोम. सर्च बदलता येत नाही याचा अर्थ बहुधा कोणीतरी पॉलिसी, म्हणजे वापरणाऱ्याला बदलता न येणारं सेटिंग, लावली आहे. मोठ्या कंपन्यांना शेकडो संगणकांवर एकसारखी सेटिंग्ज ठेवता यावीत म्हणून क्रोममध्ये ही सोय आहे, आणि तिचा गैरवापर होतो. तीन ठिपक्यांच्या मेनूत तळाशी 'मॅनेज्ड बाय युअर ऑर्गनायझेशन' दिसतंय का? घरच्या संगणकावर ऑर्गनायझेशन कुठली? रजिस्ट्री एडिटरमध्ये एचकी लोकल मशीनखाली सॉफ्टवेअर, पॉलिसीज, गूगल, क्रोम असा रस्ता आहे. एचकी करंट युजरखालीही तोच बघा. तिथल्या नोंदींची आधी एक्स्पोर्ट करून प्रत ठेवा, मग क्रोम नावाची ती की (रजिस्ट्रीतला फोल्डरसारखा कप्पा) डिलीट करा आणि क्रोम पूर्ण बंद करून उघडा. काही अँटिव्हायरसही अशी पॉलिसी लावतात, म्हणून काढण्याआधी आत कोणाचं नाव आहे ते वाचा. यानंतर अनोळखी एक्स्टेंशन काढता येईल. ते दुसऱ्या दिवशी परत आलं तर सिंक, म्हणजे एका खात्याच्या सगळ्या उपकरणांवर क्रोम सारखं ठेवणारी सोय, बघा. त्याच खात्याने दुसऱ्या संगणकावर क्रोम चालू असेल तर एक्स्टेंशन तिथून परत येतं, तेव्हा ते सगळीकडून काढायला हवं. डेस्कटॉपवरच्या क्रोमच्या शॉर्टकटची प्रॉपर्टीज उघडून टार्गेटच्या शेवटी एखाद्या साइटचा पत्ता चिकटवलाय का, तेही बघा. जुन्या लेखांत क्रोमचं स्वतःचं क्लीनअप टूल चालवायला सांगितलेलं असतं, ते २०२३ मध्ये काढून टाकलं गेलं. ते शोधण्यात वेळ घालवू नका.

मागे राहणाऱ्या गोष्टींपैकी बहुतेक निरुपद्रवी असतात. रिकामी फोल्डरं, आयकॉन वगैरे राहिले तर राहू द्या. पण नेटवर्क सेटिंग्जमध्ये मॅन्युअल प्रॉक्सी (तुमचं इंटरनेट मधल्या दुसऱ्या सर्व्हरमधून फिरवणारं सेटिंग) चालू राहिलाय का हे नक्की बघा. आणि प्रोग्रॅम गेला म्हणजे त्याने केलेले बदल गेले असं नसतं. २०१५ मध्ये लेनोवोच्या काही लॅपटॉपवर सुपरफिश नावाचं जाहिरातींचं सॉफ्टवेअर आधीपासून भरलेलं आढळलं. ते अनइन्स्टॉल केलं तरी त्याने बसवलेलं रूट सर्टिफिकेट (कोणत्या साइटवर विश्वास ठेवायचा हे विंडोजला सांगणारं प्रमाणपत्र) तसंच राहायचं, म्हणजे सुरक्षित जोडणीत डोकावण्याची वाट उघडी. डिफेंडरने नंतर दोन्ही काढायला सुरुवात केली. म्हणून तर ऑफलाइन स्कॅन टाळू नका म्हणतो. सर्टिफिकेटांच्या यादीत शिरून अंदाजाने काही उडवू मात्र नका.

तर तुमच्यासाठी क्रम असा: सूचनांची परवानगी काढा, कागदपत्रं आणि फोटो बाहेरच्या डिस्कवर घ्या, ऑटोरन्समध्ये सेव्ह करून टिक काढा, रीस्टार्ट, रीतसर अनइन्स्टॉल, स्कॅन, शेवटी क्रोम.

फॉरमॅट कधी? हे सगळं नीट दोनदा करूनही प्रोग्रॅम परत आला, डिफेंडर आपोआप बंद पडत राहिला, किंवा तो कन्व्हर्टर क्रॅक केलेला होता, तर मी वाद घालत बसत नाही. आणि कोणाला स्क्रीनचा ताबा दिला असेल, तर पहिल्याच दिवशी. त्या वेळी आधी इंटरनेट तोडा, दुसऱ्या स्वच्छ उपकरणावरून ईमेल आणि बँकेचे पासवर्ड बदला, बँकेला कळवा, मग बाकीचं. विंडोजच्या 'रीसेट धिस पीसी'मध्ये क्लाउड डाउनलोड निवडा, म्हणजे विंडोजच्या फायली मायक्रोसॉफ्टकडून नव्याने येतात. 'कीप माय फाइल्स' निवडलं तर तुमचं डाउनलोड्सचं फोल्डरही राहतं आणि त्यात तो मूळ इन्स्टॉलर बसलेला असतो, तो आधी उडवा. ताबा दिल्याच्या प्रकरणात 'रिमूव्ह एव्हरीथिंग'च. फॉरमॅटनंतरही एखादी गोष्ट परत येणं फार दुर्मिळ, पण ते घडलेलं आहे. लेनोवोच्याच काही मॉडेलमध्ये बायोसमधून (विंडोजच्याही आधी सुरू होणाऱ्या, मदरबोर्डवरच्या सॉफ्टवेअरमधून) कंपनीचं सॉफ्टवेअर विंडोजमध्ये पुन्हा उतरायचं, आणि ते थांबवायला २०१५ मध्ये बायोसचा अपडेट द्यावा लागला. तुमची लक्षणं त्या जातीची नाहीत.

सगळं झाल्यावर इंटरनेट चालू ठेवून एक-दोन दिवस नेहमीसारखं काम करा, मध्ये दोनदा रीस्टार्ट करा. मग ऑटोरन्स उघडून फाइल मेनूतल्या कंपेअरने सुरुवातीला सेव्ह केलेल्या फाइलशी तुलना करा. नव्याने आलेल्या नोंदी हिरव्या दिसतील. तुम्ही स्वतः टाकलेल्या साधनांखेरीज हिरवं काही नसेल, तर काम झालं. असेल, तर त्या ओळीचं नाव, फाइलचा पूर्ण रस्ता आणि ती कुठल्या टॅबमध्ये आहे एवढं लिहून पाठवा. तिथून पुढे बघू.